शेतावर राहायला जाताना जनावरे केव्हा आणि कोणती आणावीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील पाच जणांचे एक कुटुंब, म्हणजे पती-पत्नी, सत्तरीच्या आई आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले, येत्या मे महिन्यात जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात, आपटाळ्याच्या बाजूला, वडिलोपार्जित तीन एकरांवर कायमचे राहायला जात आहे. घराचे बांधकाम संपत आले आहे, विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकते, आणि सोबत एक लॅब्रडोर कुत्रा व एक मांजर आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी दोन गीर गाई, सहा शेळ्या आणि वीस गावरान कोंबड्या आणण्याचा त्यांचा विचार असून, वसुबारसेला आपल्या दारात गाय-वासरू असावे अशी आईंची इच्छा आहे. मी पशुवैद्यक म्हणून सरकारी नोकरीत ३१ वर्षे काढली आणि त्यातली निम्मी याच डोंगरपट्ट्यात गेली, तेव्हा उत्तर याच जागेपुरते आणि याच पावसापुरते देतो.

माणसांनी मे महिन्यात जावे आणि जनावरे दिवाळीनंतर आणावीत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पावसाळ्यात सगळीकडे हिरवे असते, मग चाऱ्याची काळजी कशाला, असे शहरातून आलेल्या प्रत्येकाला वाटते. परंतु जुलै-ऑगस्टचे कोवळे गवत बरेचसे पाणीच असते, त्यावर जनावर पातळ शेण टाकते आणि पोट भरूनही खंगते. शिवाय गोचीड, माश्या आणि डास यांचा जोर याच महिन्यांत असतो. आपल्या गोठ्याचे छप्पर कोणत्या बाजूने गळते, वाऱ्याची झड कुठून आत येते आणि अंगणात पाणी कुठे साचते, हे पहिला पावसाळा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. ते रिकाम्या गोठ्यात कळलेले बरे. नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी उरकते, पेंढा गावातच आणि रास्त दरात मिळतो, हवा कोरडी होते आणि नव्या जनावराला रुळायला उन्हाळ्यापूर्वी चार महिने मिळतात.

या मधल्या सहा महिन्यांत करण्याचे मुख्य काम म्हणजे चारा. हिशेब अवघड नाही. सुमारे ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला रोज १५ ते २० किलो हिरवा चारा, ५ ते ६ किलो वाळलेली वैरण आणि दुधाप्रमाणे खुराक लागतो. खुराकाचा साधा नियम असा की शरीरपोषणासाठी दीड किलो आणि त्यावर प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हणजे एका गाईला वर्षाला जवळजवळ दोन टन वाळली वैरण हवी, आणि ती साठवायला पावसाने न भिजणारी जागा हवी, जी घराच्या नकाशात बहुतेकांनी धरलेलीच नसते. हिरव्या चाऱ्यासाठी पाणी असेल तर गाईमागे दहा-बारा गुंठे संकरित नेपिअर पुरते; राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत हा वाण आपल्याकडे चांगला रुजलेला आहे आणि त्याची ठोंबे शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याकडे मिळतील. ती जूनच्या अखेरीस लावावीत.

परंतु आपली विहीर मार्चमध्ये उतरते, म्हणजे एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा हिरवा चारा शेतात उभा राहणार नाही, आणि तो आधीच मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, रूपाने बांधून ठेवावा लागेल. एका गाईला या काळासाठी दीड ते दोन टन मुरघास पुरतो. त्यासाठी पाच-सहा गुंठे मका पेरून, कणसातले दाणे दुधाळ अवस्थेतून पुढे सरकू लागले की ताटासकट कापावा, कुट्टी करून पिशवीत किंवा टाकीत दाबून भरावा, हवा राहू देऊ नये आणि दीड महिना उघडू नये. पिशव्या उंदीर कुरतडतात. एका भोकातून हवा गेली की आजूबाजूचा थर काळा पडतो आणि बुरशी धरतो. तो थर जनावराला न घालता उकिरड्यावर टाकावा, त्यात कंजुषी करू नये. पाण्याचेही असेच आहे. गाय रोज ५० ते ६० लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याहून जास्त, आणि धुणे-झाडणे धरून गाईमागे १०० लिटर मोजावे. मे महिन्यात टँकर घेऊन गाय पाळण्याची वेळ येणार असेल तर दोनऐवजी एकच गाय ठेवावी, हे मी आताच सांगून ठेवतो.

आता गाय कोणती, हे पाहू. गीर ही देखणी आणि गुणी जात आहे, पण ती सौराष्ट्रातल्या कोरड्या हवेची. आपल्या पश्चिम पट्ट्यातला चार महिन्यांचा पाऊस आणि चिखल हा तिचा प्रांत नव्हे. शिवाय गेल्या काही वर्षांत तिला जो भाव आला आहे, त्याने बाजारात गीरच्या नावावर काहीही खपवले जाते. या डोंगरांची खरी गाय म्हणजे डांगी. पलीकडे अकोले-इगतपुरीपर्यंत तिचा मूळ मुलूख आहे. तिच्या कातडीवर तेलकट स्राव असतो, त्यामुळे पाऊस अंगावरून निथळून जातो, आणि काळे कठीण खूर भातखाचरातही लवकर सडत नाहीत. दूध मात्र ती कमी देते, वेळेला दीड-दोन लिटर. घरात पाच माणसे असताना ते पुरेसे आहे की नाही, हे आपण ठरवावे. मला विचाराल तर पहिल्या वर्षी एक डांगी आणि एक दुसऱ्या वेताची, दिवसाला आठ-दहा लिटर देणारी जर्सी संकरित गाय घ्यावी. वीस लिटरची होल्स्टिन संकरित गाय नवशिक्याने मुळीच घेऊ नये, कारण तिच्या खुराकातली किंवा धारेच्या वेळेतली एक चूक दुसऱ्याच दिवशी कासेत दिसते.

बाजारात गाय पाहताना काय पाहावे, हे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण फसगत येथेच होते. आपल्या तालुक्यात बेल्ह्याचा सोमवारचा बाजार जुना आहे, आणि खेड तालुक्यातल्या चाकणचा शनिवारचाही आहे. बाजारात आणलेल्या गाईची आदल्या दिवशीची धार मुद्दाम काढलेली नसते. कास तट्ट फुगलेली दिसते, सडांतून दूध ठिबकत असते आणि दलाल तेवढ्याकडेच बोट दाखवतो. कास पिळून रिकामी झाल्यावर ती हाताला कशी लागते, हे खरे पाहण्याचे असते. रिकामी कास मऊ, घड्या पडणारी असावी. एखाद्या भागात टणक गोळा लागला तर तिथे दगडी, म्हणजे कासेचा दाह, होऊन गेलेली आहे. चारही सडांच्या धारा वेगवेगळ्या काढून पाहाव्यात, पहिल्या दोन-तीन पिळी काळ्या कापडावर घ्याव्यात, म्हणजे दुधातल्या बारीक गुठळ्या दिसतात. शक्य असेल तर बाजारात गाय घेऊच नये, मालकाच्या गोठ्यात जाऊन सलग तीन धारा स्वतःसमोर काढून घ्याव्यात: संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ. जो मालक त्याला नाही म्हणतो, त्याची गाय सोडून द्यावी.

वय दातांवरून कळते. पुढचे दोन कायमचे दात साधारण दोन-अडीच वर्षांत येतात आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही दात येऊन तोंड जुळते. त्यापुढे दातांची झीज पाहून अंदाज करावा लागतो, आणि तो आपल्याला जमणार नाही, तेव्हा जाणता माणूस सोबत न्यावा. गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला असलाच पाहिजे. त्या क्रमांकावर तिचे लसीकरण आणि मालकाची नोंद असते, ती दवाखान्यात तपासून घेता येते आणि खरेदीनंतर आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण घरात लहान मुले आणि वृद्ध आई असल्यामुळे मी ती आग्रहाने सांगतो: व्यवहार पक्का करण्यापूर्वी गाईची ब्रुसेलोसिस आणि क्षय या दोन्हींसाठी तपासणी करून घ्यावी. हे दोन्ही रोग जनावराकडून माणसात येतात आणि गाय बाहेरून ठणठणीत दिसते. तपासणी निर्दोष आली तरी दूध उकळूनच प्यावे. धारोष्ण दुधाचे कौतुक मी कितीही ऐकले असले तरी माझ्या घरात ते कोणाला प्यायला दिलेले नाही.

नव्या घराच्या आवाराबद्दल एक वेगळा धोका आहे. बांधकाम झालेल्या जागेत खिळे, बाइंडिंग वायरचे तुकडे आणि पत्र्याच्या कपच्या पडलेल्या असतात, आणि गाय शेळीसारखी निवडून खात नाही. ती जिभेने गवताचा झुपका ओढते आणि न चावता गिळते. तार जाळपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, जाऊन बसते, आणि तिथून हृदयाचे आवरण अवघे काही बोटांच्या अंतरावर असते. अशी गाय सुरुवातीला फक्त खाणे कमी करते, पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावरून खाली यायला नाखूष असते. पुढे गळ्याखालच्या पोळीत सूज उतरते, आणि तोपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असते. नवे फार्महाऊस आणि नवी गाय यांच्या जोडीत हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की, अशा ठिकाणी गेलो की पेशंटच्या आधी आवारावर नजर टाकत असे. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, मोठे लोहचुंबक दोरीला बांधून संपूर्ण अंगणातून ओढावे. हे काम मुलांना द्यावे, ती आनंदाने करतील. रंगाचे रिकामे डबे आणि जुन्या बॅटऱ्याही उचलाव्यात, कारण जनावरे ते चाटतात आणि शिशाची विषबाधा होते. बांधावरची घाणेरी आणि शोभेसाठी लावलेली कण्हेर याही विषारी, त्या काढून टाकाव्यात.

गोठ्यासाठी गाईमागे ४० चौरस फूट छपराखालची आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा धरावी. पश्चिमेकडून झड येते, त्या बाजूला पूर्ण भिंत घालावी आणि इतर बाजू हवेसाठी मोकळ्या ठेवाव्यात. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट तरी उंच हवे. गवंडी हौसेने गुळगुळीत कोबा करतो. त्याला ओला असतानाच खराट्याने किंवा दोरीने रेघा मारायला सांगावे, नाहीतर ओल्या शेणावर घसरून गाय मागचे पाय फाकून पडते आणि कित्येकदा उठतच नाही.

गाय आणली की पहिले २१ दिवस तिला इतर जनावरांपासून वेगळी बांधावी. गव्हाण, बादली, दावे सगळे वेगळे. पहिल्या आठवड्यात तिला जुन्या मालकाकडचाच चारा आणि पेंड द्यावी, तेवढी त्याच्याकडूनच विकत आणावी, आणि मग हळूहळू आपल्या चाऱ्यावर वळवावी. घरात थर्मामीटर ठेवावा आणि रोज सकाळी गुदद्वारातून तापमान घेऊन वहीत लिहावे. साधारण १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइट असते. १०३.५ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. संकरित गाईला गोचीड तापाचा धोका सर्वांत जास्त. त्यात ताप १०५-१०६ पर्यंत चढतो आणि खांद्याच्या पुढची गाठ लिंबाएवढी हाताला लागते. दुसरी सवय हाताने घडवायची आहे: डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ रुतवून दोन मिनिटे उभे राहावे. कोठीपोट, म्हणजे पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, मुठीला आतून दोन-तीनदा उचलते. ती उचल थांबली असेल तर गाय आजारी आहे, मग ती वरवर कितीही बरी दिसो.

पोटफुगीबद्दल एक सावधगिरी. कोवळ्या लसूणघासाने डावी बाजू ढोलासारखी फुगली की गोडेतेल पाजतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ते पाजताना गाईचे तोंड फार वर उचलू नये आणि जीभ बाहेर ओढून धरू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घाईत हेच केले, तेल श्वासनलिकेत गेले आणि पोटफुगीतून वाचलेली गाय चौथ्या दिवशी फुफ्फुसाच्या दाहाने गेली. मालकाने मला एक शब्दही विचारला नाही, आणि ते आजही बोचते. बाटली तोंडाच्या कोपऱ्यातून, थोडे थोडे, तिला गिळू देत पाजावी. ठसका लागला की तिथेच थांबावे. ज्वारीचे कोवळे पोंग्यातले धाटही असेच जिवावर बेतते, त्याला कमीत कमी दीड महिना होऊ द्यावा.

लसींचे वेळापत्रक दवाखान्यातून घ्यावे. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या यांची पावसाळ्यापूर्वी, आणि लम्पीची दरवर्षी. २०२२ च्या लम्पीच्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली आणि तिने पुष्कळ गाई वाचवल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. तातडीसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, पण डोंगरातल्या वाडीवर गाडी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांची आणि पशुधन पर्यवेक्षकांची ओळख गाय येण्यापूर्वीच करून घ्यावी.

आपल्याकडे आज जी जनावरे आहेत, त्यांचे काय? जुन्नर तालुका बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. माणिकडोहला वन खात्याचे बिबट निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. बिबट्याला गाईपेक्षा कुत्रा, शेळी आणि वासरू सोपे असते. राखणीसाठी म्हणून लॅब्रडोर रात्री ओट्यावर साखळीला बांधला तर तो एका पावसाळ्यापेक्षा जास्त टिकणार नाही. अंधार पडला की कुत्रा घरात, वासरू जाळीबंद खोलीत. कोंबड्यांचे खुराडे खालून-वरून बंद हवे, आणि बाकी कोंबड्यांबद्दल मानमोडीची लस वेळेवर द्यावी याहून वेगळे सांगण्यासारखे काही नाही. बिबट्याने जनावर मारलेच तर ते जागेवरून न हलवता लगेच वन खात्याला कळवावे, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्यावी. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: गाय लाळ गाळू लागली, हंबरत राहिली आणि तिला गिळता येईना, तर घशात काही अडकले असेल असे समजून कोणीही तिच्या तोंडात हात घालू नये. ती पिसाळलेली असू शकते. मांजरासाठी इतकेच की गाईच्या गोचिडांवर फवारायची औषधे, विशेषतः परमेथ्रिन-सायपरमेथ्रिनची, मांजराला मारक ठरतात. फवारणीच्या दिवशी तिला खोलीत कोंडावे.

शेळ्या पहिल्या वर्षी आणू नयेत असे मी सुचवतो. शेळीचे आजार आवरतात, पण शेजाऱ्याच्या कांद्यात शिरलेली शेळी आणि त्यातून आलेला अबोला आवरत नाही. आपण गावात नवे आहात. कुंपण पक्के झाल्यावर, दुसऱ्या वर्षी, संगमनेरी जातीच्या दोन पाटी, म्हणजे तरुण माद्या, आणून सुरुवात करावी. आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या रोगांच्या लसी झाल्यात ना, ते पाहून.

दुधाचा आणि माणसांचा हिशेबही आताच मांडावा. आठ-दहा लिटरांतले घरात दोन-तीन लिटर लागेल, बाकीचे रोज दोन वेळा संकलन केंद्रावर घालावे लागेल, तिथे दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले घन पदार्थ) धरून ठरतो. धार पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, त्यात लग्नकार्य, शाळेचे स्नेहसंमेलन, पुण्यातली कामे काहीही चालत नाही. घरातल्या किमान दोघांना धार काढता आली पाहिजे. गडी मिळेल या भरवशावर गाय घेऊ नये. आणि गाईला गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झाला तर काय, हे आधी ठरवावे. राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईंची आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे. ट्रॅक्टरच्या काळात संकरित गोऱ्ह्याला कोणी घेत नाही, आणि रात्री रस्त्यावर सोडलेली जनावरे आपण पाहिलीच असतील. कृत्रिम रेतनात लिंगनिश्चित रेतमात्रा वापरल्यास दहापैकी नऊ वेळा कालवड होते, ती मागून घ्यावी. गाय पंधरा-सोळा वर्षे जगते, दूध त्याच्या निम्म्या काळच देते. उरलेल्या वर्षांचा चारा आपल्याला परवडेल का, हा विचार मुलांसमक्ष व्हावा, कारण तिला नाव तीच ठेवणार आहेत.

राहता राहिली आईंची इच्छा. यंदाची वसुबारस शेजारच्या गोठ्यात करावी. गावात पूजेला गाय-वासरू कोणी नाकारत नाही. त्या निमित्ताने आईंची ओळख त्या घरातल्या बाईंशी होईल, आणि जिच्या हाताखाली आपण दोघांनी महिनाभर धार काढायला शिकायचे आहे, ती बहुधा तीच असेल.